दाराजवळची ढोलकी

भूकंपाला दम देणारी बाई अख्ख्या डहाणू-तलासरीत मी एकटीच असेन. पेटीवरून मान वर न करता मी म्हणाले होते, "मागच्या रांगेतल्यांनो, पाय आपटणं बंद करा. ताल बिघडतोय."

हसा खुशाल. माझी नात ही गोष्ट ऐकताना दर वेळी इथेच लोळते आणि मी तिला पुढचं सांगत नाही. पुढचं आज सांगते.

तलासरीच्या अंगाला एका शाळेत मी संगीत शिकवायचे. शाळेला जोडून वसतिगृह, त्यामुळे लांबच्या पाड्यांवरच्या मुली-मुलगे तिथेच राहायचे. मी मसोलीहून एसटीनं, नाहीतर मिळेल त्या इको गाडीत अंग चोरून जायचे. पन्नाशी कधीच ओलांडली होती, पण स्वतःला फार तडफदार समजायचे. आमच्या समूहगानाचा लौकिक असा की काहीही होवो, गाणं मध्ये थांबत नाही. एका स्पर्धेत वीज गेली, माईक मेला, तरी माझी मुलं गात राहिली आणि ढाल घेऊन आली. तेव्हापासून गाणं न थांबवणं हाच संगीताचा कळस, असं मी धरून चालले. मूर्ख माणसाला बक्षीस मिळालं की त्याच्या मूर्खपणाचं तत्त्व होतं.

दिवाळीची सुट्टी संपून मुलं नुकतीच परतली होती. गॅदरिंगची तालीम चालू होती. संगीताची खोली जुन्या इमारतीच्या अगदी टोकाला. वर सिमेंटचे पत्रे, भिंतींना ओल, दार एकच. ढोलकीवर दहावीतली जयवंती होती. आधी जमिनीखालून एक जाड आवाज आला, कुणी रिकामं पिंप आडवं पाडावं तसा. मग खिडक्या थरथरल्या आणि पेटीवरचा माझा चष्म्याचा डबा सरकत सरकत खाली पडला. मागच्या रांगेतली आठवीची पोरं मुद्दाम पाय आपटण्यात पटाईत, म्हणून मी वरचं सुभाषित उच्चारलं. तेवढ्यात जयवंती ढोलकी टाकून दाराकडे धावली. मी उठले, तिचा दंड धरला आणि तिला परत खाली बसवलं. गाणं संपेपर्यंत कुणी हलायचं नाही, म्हणाले. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठेका धरला. उरलेली दोन्ही कडवी आम्ही पूर्ण केली.

बाहेर आलो तर सगळी शाळा मैदानात. शिट्टी फुंकून फुंकून हेडसरांचा चेहरा लाल झालेला. आमच्या खोलीत शिट्टी ऐकू आली नव्हती, कारण आमचं गाणं फार छान चाललं होतं. आत काय करत होता, असं त्यांनी विचारलं. तालीम, असं मी सांगितलं.  विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुपारी मी एकटी जाऊन खोली पाहिली. कोपऱ्यात पत्र्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली होती. मी तिच्यात बोट घालून पाहिलं. ते आत गेलं. त्या दिवशी माझा जेवणाचा डबा तसाच घरी परत आला.

त्या हिवाळ्याबद्दल इकडच्या वाचकांना सांगायला नको, लांबच्यांसाठी सांगते. आमच्याकडे एक मोठा भूकंप होऊन विषय संपला नाही. लहान लहान धक्के येतच राहिले. कधी दिवसातून अनेक, कधी आठवडाभर शांत, आणि शांत असला की जास्त भीती. मुलांना झोपायला सरकारनं तंबू दिले. मैदानात ओळीनं तंबू, आत थंडीनं कुडकुडणारी पोरं. मसोलीत आमच्या घरी धक्के क्वचितच जाणवायचे, तरी मी ओट्यावर वाटीवर वाटी रचून ठेवायला लागले. वाटी किणकिणली की उठायचं. खरं सांगू, त्या वाट्या मी अजून रचते.  सून सकाळी त्या थोड्या जोरात आपटून जागेवर ठेवते.

मुलांची भीती दोन-चार दिवसांत चेष्टेवर आली. "बाई, भूकंपाची पट्टी कुठली? काळी एक?" असं आठवीतला एक वात्रट विचारायचा. मीही हसून घ्यायचे. जयवंती हसत नसे. ती छपराखाली यायचीच बंद झाली होती.

वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून ती खिडकीतून फळा बघायची. जेवायला मैदानात, झोपायला तंबूत. सगळ्या शिक्षकांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ती ऐकून घ्यायची आणि पायरीवर जाऊन बसायची. ढोलकीला तर हातही लावत नव्हती. सगळ्यांना वाटलं, भूकंपाला घाबरली. मला एकटीला माहीत होतं की नुसत्या भूकंपाला नाही. सगळी शाळा घाबरली होती, पण दंड फक्त तिचाच धरला गेला होता.

इथे जरा आमच्या कामाबद्दल. शाळेतली संगीताची बाई गायक तयार करते, असा लोकांचा समज असतो. आठवड्यातून एक तास, तोही जेवणानंतरचा, आणि परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना दिलेला. त्यात कोण गायक होणार? आठवी ते दहावीची पोरं म्हणजे आवाज फुटायला लागलेले मुलगे आणि तोंडावर हात धरून गाणाऱ्या मुली. काल सुरेल गाणारा मुलगा आज तोंड उघडतो तर आतून बेडूक आणि कोंबडा एकदम बाहेर येतात. वर्ग हसतो. त्या मुलाला वाटतं, आपल्या अंगात कुणी भलताच माणूस घुसलाय. अशा वेळी पेटी दोन सुरांनी खाली आणायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणायचं, आता तू खालून गा, मला तिथे माणूस हवाच होता. एवढंच आमचं काम. या वयात उंची, आवाज, अंग सगळं न विचारता बदलतं. त्यात एक ठेका, एक सूर तरी त्यांच्या हातात राहिला पाहिजे.

हे मी ट्रेनिंगमध्ये इतर शिक्षकांना फार छान समजावून सांगायचे. आणि माझ्या वर्गातल्या मुलीच्या हातात होता तो ठेका मीच तिचा दंड धरून काढून घेतला होता.

नाताळच्या सुमाराला जयवंती घरी गेली आणि आली नाही. जानेवारी उजाडला, सराव परीक्षा तोंडावर आली. हेडसर म्हणाले, बोर्डाचा पेपर पायरीवर बसून देता येत नाही, बाई. मुलगी हातची जाणार. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही, पण मी ते माझ्याचकडे बघून म्हटलं असं धरलं आणि रविवारी तिच्या घरी जायला रानशेतच्या गाडीत बसले.

रानशेतच्या पुढे उतरून बरंच चालावं लागलं. तिचा पाडा उतारावर, भात काढून मोकळी झालेली शेतं चहूकडे. घर कुडाचं, काठ्या विणून शेणानं सारवलेलं. अंगणात तिची आजी उन्हात बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हातारी मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाली, "तू ती गानारी बाय का? बस. आमचा कूड हालतो, पडत नाय. तुमची शाला पडंल."

मी बसले. म्हातारीचं खोटं नव्हतं. भेगेत मी स्वतः बोट घालून आले होते.

तिचा बाप भला माणूस. चहा केला, मग सरळ सांगितलं. उंबरगावला कंपनीत मुली घेतात, पाड्यातल्या दोघी जातातच, कंपनीची गाडी रस्त्यावर येते. पोरगी शाळेच्या खोलीत बसत नसेल तर दहावी कशी होणार? तिला घरात बसवून ठेवायची माझी इच्छा नाही, म्हणाला. त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? पण ती कंपनीत गेली तर परीक्षेला न बसताच शाळेतून जाईल, आणि जाण्याचं कारण मी असेन, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

जयवंती घरामागे लाकडं रचत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तडफदार बाईनं एक लाकूड उचलून तिच्या हातात दिलं. शेवटी म्हणाले, दंड मी धरला होता, धरायला नको होता.

ती लाकडं रचतच राहिली. मग म्हणाली, "परत झालं तर?"

"तर सोडीन."

"तुम्हाला कलणार कसं? तुम्ही गात असाल."

ही माझी आयुष्यातली सगळ्यात नेमकी समीक्षा.  ती आणखी थोडी लाकडं रचून मग बोलली, हळू, तोडून तोडून. तिची अट अशी: ढोलकी दाराजवळ राहणार. ती वाजवायची थांबली की गाणं थांबणार आणि सगळे बाहेर. तेव्हाच्या तेव्हा. आणि तुम्हाला विचारायचं नाही, म्हणाली. तुम्ही पण बाहेर.

मी विचारलं, नाकावर माशी बसली म्हणून थांबलीस तर?

"तरी पन बाहेर."

गाण्यातली रीत अशी की साथीदार गाणाऱ्याच्या मागे जातो. पस्तीसेक वर्षं मी पोरांना हेच शिकवलं होतं. त्या दिवशी लाकडांच्या ढिगाशेजारी मी ती रीत मोडून आले.

ती सोमवारी परत आली. जुनी खोली हेडसरांनी बंदच केली होती. नव्या इमारतीत तळमजल्यावरची, अंगणात उघडणारी खोली मिळाली. जयवंती उंबऱ्यावर बसली, एक पाय आत, एक बाहेर, मांडीवर ढोलकी. पहिल्या दिवशी मुखडाही पुरा झाला नाही. ती थांबली, सगळे बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. काही कामचोर पोरांना तर ही पद्धत इतकी आवडली की ती जयवंतीला डोळ्यांनी खुणा करू लागली. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, हे गाणं आहे की कवायत? हेडसरांना वाटे गॅदरिंगला आपली शोभा होणार. आणि मला? मला वेगळीच धाकधूक. या मुलीला आत बसायला शिकवायचं आणि एखाद्या दिवशी छप्पर खरंच खाली आलं तर? पहिल्या वेळी मी अडाणीपणानं केलं होतं, आता जाणूनबुजून करत होते. प्रत्येक तासाला माझा एक कान सुराकडे आणि दुसरा जमिनीकडे असायचा. त्या महिन्यांत मी किती बेसूर गायले ते त्या मुलांनाच माहीत, आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. मुलंही गुणी होती.

आणखी एक गोष्ट होती. ढोलकीला दोन तोंडं असतात. उजवं पातळ आवाजाचं, डावं जाड, घुमणारं. जयवंती फक्त उजवं वाजवायची. डावा हात नुसता चामड्यावर ठेवलेला. कारण कुणी सांगायला नको होतं: जमिनीखालून यायचा तो आवाज आणि डाव्या तोंडाचा आवाज सख्खे भाऊ. पण डाव्याशिवाय गाणं म्हणजे जमीन नसलेलं घर. सगळं वर लटकलेलं. माझ्या जिभेवर रोज येई, अगं, डावा वाजव. रोज मी ते गिळलं. गप्प बसण्याची विद्या मला उतारवयात आली, तीही जबरदस्तीनं.

फेब्रुवारीत एका दुपारी ती थांबली. मी आलाप घेत होते. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. एक क्षण, खोटं कशाला बोलू, मनात आलंच की ही माशीच असणार. पण मुलं उठलीसुद्धा, ओळीनं, न ढकलता, आठवीची आधी, आणि मी त्यांच्या मागे. अंगणात पाय ठेवला आणि तो जाड आवाज आला, मग हिसका. खिडक्यांची तावदानं खडखडली. मी डोकी मोजायला लागले आणि मोजता येईना, सारखी चुकायची. सगळी होती. मग बाकीचे वर्ग पळत, धडपडत, रडत बाहेर आले.

मी नंतर तिला विचारलं की तुला आधी कसं कळलं. ती म्हणाली, पायाला कळलं, उंबऱ्यावरच्या.

मैदानात पाचवीची मुलं एकमेकांना धरून रडत होती. शिक्षक 'गप्प बसा' म्हणत होते, आणि 'गप्प बसा' म्हटलं की रडणं वाढतं हा सार्वत्रिक नियम आहे. जयवंतीनं ढोलकी बरोबर आणली होती. गळ्यात अडकवली. आधी उजवा हात, नेहमीसारखा. मग तिनं डाव्या तोंडावर थाप मारली. ढुम्म.

सगळं मैदान दचकलं. एक पोरगं किंचाळलंच. ती स्वतःही दचकली, मी पाहिलं. तिनं हाताकडे बघितलं, थांबली, आणि पुन्हा मारली. मग पुन्हा. आवाज येत होता आणि जमीन जागच्या जागी होती. आठवीतला तो वात्रट ओरडला, "बाई, ही काळी एक!" आणि हसण्याची एक लाट मैदानावरून गेली. जयवंती हसली नाही, पण ठेका पुरा लागला होता, दोन्ही हातांचा. पाचवीतली मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी गायले नाही. काही गाण्यांत बाईंनी तोंड बंद ठेवावं हे मला कळायला लागलं होतं.

गॅदरिंग बरं झालं. ढाल वगैरे काही नव्हती, आणि ढोलकीवाली स्टेजच्या पायरीवर का बसलीये हे पाहुण्यांना कळलं नाही.

मग परीक्षा. केंद्र दुसऱ्या शाळेत, आणि तिचा नंबर आला मधल्या रांगेत, दारापासून लांब. बाक बदलून मिळत नाही, नियम. मी केंद्रावरच्या सरांना विनवून पाहिलं, त्यांनी फार आदरानं नाही म्हटलं. जयवंतीनं पाण्याची बाटली घेतली आणि ती आत गेली. फाटकाबाहेर एका झाडाखाली मी उभी राहिले. बसवेना. आज मी तिच्याजवळ नव्हते आणि दार तिच्याजवळ नव्हतं. एसटी गेली, दुधाची गाडी गेली, दर गाडीला मी फाटकाकडे बघत होते. मधेच हायवेकडून एक अवजड ट्रेलर आला. फाटकाची कडी वाजायला लागली, शाळेची तावदानं थरथरली, आणि मी इतके घट्ट डोळे मिटून उभी राहिले की शेजारच्या गुजराती चहावाल्यानं विचारलं, "बेन, चक्कर आयवा?"

आत काय झालं ते पेपर सुटल्यावर तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं. तावदानं वाजली तशी अर्धा वर्ग उठून उभा राहिला, आमच्या शाळेची मुलं सगळ्यांत आधी. उठून ती दाराकडे नाही, जयवंतीकडे बघायला लागली. ती लिहीत होती. डाव्या हाताची बोटं बाकाच्या कडेवर हळूहळू वाजत होती, सुरुवातीपासून वाजत होती, त्याबद्दल बाईंनी तिला एकदा टोकलंही होतं. बोटं थांबली नाहीत. मुलं खाली बसली. त्यांच्या मागोमाग बाकीचा वर्गही बसला. ही तुमची मॉनिटर का, असं त्या बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही, ढोलकीवाली.

ट्रक आणि जमीन यांतला फरक तिनं ऐकून ओळखला होता. हा माझा धडा होता, असं छातीठोक लिहायला मला फार आवडलं असतं. माझा धडा 'थांबू नका' हा होता. ऐकायचं तिची ती शिकली.

ती पास झाली, बऱ्या मार्कांनी. बारावीही झाली. पुढे नर्सिंगला जावं म्हणून मी मागे लागले होते. ते जमलं नाही, घरची अडचण आली, आणि अखेर ती उंबरगावच्या त्याच कंपनीच्या गाडीत बसली. याची हळहळ मला आहे. एका मुलीला छपराखाली परत आणलं म्हणून मी मिरवते, आणि ती गेली तिथेही एक छप्परच आहे, ते कसलं, किती जुनं, मला माहीत नाही. तिकडून धक्क्याची बातमी आली की मी आधी वाट्यांकडे बघते, मग फोनकडे.

गेल्या महिन्यात डहाणू रोडला, स्टेशनबाहेरच्या बाजारात, मी सुका जवळा घेत होते. मागून कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली. जयवंती. अंगानं भरलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात लहानग्यासाठी घेतलेला खुळखुळा. आजी गेली म्हणाली, घर अजून कुडाचंच आहे म्हणाली. ढोलकी वाजवतेस का, विचारलं तर म्हणाली, लग्नसराईत, कुणी दिली तर. मी फार वेळ विचारू की नको करत राहिले, आणि शेवटी विचारलंच: कंपनीत भीती वाटते का गं अजून?

तिनं खुळखुळा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, "वाटते ना बाई. म्हणून दाराजवळचं मशीन मागून घेतलंय. बाकीच्या पोरींना सांगून ठेवलंय, मी उठले की उठायचं. सुपरवायझरला विचारायचं नाय."